काजमावशीची अव्वल दाढ

ज्याने तान्ह्या मुखात दातांआधी हसू ठेवले आणि चावण्याआधी हसायला शिकवले. ज्याने एका मुखात इतके दात शेजारी शेजारी बसवले आणि एकालाही क्रमांक दिला नाही. जो वेदना धाडतो आणि ती ओळखणारा हातही त्याच वेळी कुठेतरी घडवीत असतो, त्या दयाघनाच्या चरणी आधी माथा टेकू या. देवा, तुझ्या दारी कोणी पहिला नाही, कोणी दुसरा नाही. म्हणूनच या क्रमांकवेड्या जगाची एक गोष्ट तुझ्याच साक्षीने सांगायची आहे. वाणीत कडूपण येईल, ते तू सोसून घे. जिची ही गोष्ट, ती बाईच जिभेने कडू आणि काळजाने ओली होती.

तिला सगळे काजमावशी म्हणत. दंतवैद्यांच्या मोठ्या कॉलेजसमोर, रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला तिची एक लांबट खोली होती. पुढच्या भागात शिलाईचे मशीन, मागच्या भागात संसार आणि मध्ये एक पडदा. कॉलेजातल्या पोरापोरींचे पांढरे कोट ती शिवी. बाकीची शिलाई मशीनवर, पण काज मात्र हाताने. मशीनच्या काजाचा एक टाका तुटला की सगळी माळ सुटते, हाताचा काज शेवटपर्यंत जीव धरून राहतो, असे तिचे म्हणणे. काजाचा शेवटचा टाका झाला की दोरा ती पुढच्या दातांनी तोडी. समोर कात्री पडलेली असे, पण ती दुसऱ्यांसाठी.

त्या कोटांच्या मापांतून तिला माणसांची मापे कळत, आणि ज्या माणसांना सगळे जग हुशार म्हणे त्यांच्याबद्दल तिच्या मनात काडीचाही आदर उरलेला नव्हता.

पहिल्या वर्षाची मुले प्रवेश मिळाल्याच्या आठवड्यातच येत. “मावशी, खिशावर नावाआधी ‘डॉक्टर’ भरून द्या.”

“झालास?”

“होणारच आहे ना.”

“मग म्हातारा पण होणार आहेस. नावाआधी ‘कैलासवासी’ही आत्ताच भरून देऊ?”

पोरगे लाजे, पण अक्षरे भरून घेतल्याशिवाय हलत नसे.

वरच्या वर्षातली अव्वल मंडळी तर बघण्यासारखी. त्यांना कोणीतरी शिकवले होते की रुग्णाशी बोलताना प्रसन्न हसावे, त्याच्या नजरेला नजर द्यावी, मग थोडे थांबावे. परीक्षेत त्याचेही गुण असत. तेव्हा ही मंडळी मावशीच्या उभ्या आरशासमोर कोट अंगावर चढवून हसण्याचा सराव करीत. “तुमचा त्रास मी समजू शकतो,” असे एक जण आरशातल्या आपल्याच तोंडाला म्हणे. दुसरा त्याला दुरुस्त करी, “इतके दात नको दाखवू. खोटं वाटतं. गुण जातात.” मावशी खाली बसून बाहीची दुमड घालीत असे. तिच्या बोटात सुई घुसून रक्त आले तरी त्या आरशासमोरच्या करुणामूर्तींपैकी एकीचीही नजर खाली वळत नसे. अहो, करुणा म्हणजे काय वर्गात उत्तर द्यायची वस्तू आहे? पण त्यांना कोण सांगणार! सांगणारेही असेच उत्तरे देऊन मोठे झालेले.

आणि या मंडळींचा मुकुटमणी मावशीच्याच घरात होता.

तो तिच्या बहिणीचा मुलगा. बहिणीच्या गावी शिक्षणाची सोय नव्हती, मावशीला मूलबाळ नव्हते, म्हणून अर्ध्या चड्डीतच तो मावशीकडे आला आणि तिचाच झाला. शाळेत पहिला, मग पुढे पहिला, मग कॉलेजात पहिला. मावशीचे यजमान, म्हणजे काका, शिलाईची मशिने दुरुस्त करीत. बोलणे मोजके, पण जे बोलत ते चिकटून बसे. त्यांनी पोराचे नाव अव्वलराव ठेवले आणि गल्लीने ते उचलले. अव्वलरावाची प्रशस्तिपत्रे भिंतीवर लावता लावता जागा संपली, तेव्हा घड्याळ उतरवून ठेवावे लागले. “आता वेळ बघायची तर प्रशस्तिपत्रावरची तारीख बघा,” काका म्हणाले.

आता त्या कॉलेजातली एक रीत सांगायला हवी, कारण सगळे रामायण तिच्यामुळे घडले. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला विद्यार्थ्याने आपला रुग्ण आपण आणायचा. त्या रुग्णाला ही मुले माणूस म्हणत नसत, ‘केस’ म्हणत. ती केस कशी हवी? दोन दाढांच्या मध्ये कीड हवी. कसब दाखवता येईल इतकी खोल हवी, पण दाढेच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली नको. मुख्य म्हणजे दाढ दुखता कामा नये. दुखली की केस बाद. आता अशी मोजून मापून किडलेली दाढ कोणाच्या तोंडात असते? म्हणून परीक्षा जवळ आली की ही बुद्धिमंतांची फौज गावभर लोकांच्या जबड्यांत डोकावत हिंडे. चहावाल्याने जांभई दिली की चार माना वळत. समोर कोणी खळखळून हसले की यांना त्याचा आनंद दिसत नसे, मागची दाढ दिसे.

एका सकाळी मावशी काज पुरा करून दोरा तोडीत होती. अव्वलराव समोर चहा पीत बसला होता. त्याचा कप वाटेतच थांबला.

“मावशी, आ कर.”

“का रे? भरवतोस काय?”

“आ कर गं!”

त्याने टॉर्च आणला, छोटा आरसा आणला, तिची मान मागे केली. थोडा वेळ श्वास रोखून पाहत राहिला. मग त्याच्या तोंडून शब्द निघाला, “देखणी!”

एवढ्या वर्षांत त्या घरात मावशीला कोणी देखणी म्हटले नव्हते. ती म्हणाली, “कोण रे?”

“कीड! काय जागा, काय आकार! अगदी पुस्तकातल्यासारखी आहे.”

“मग भरून टाक की.”

“आत्ता? वेडी आहेस का! परीक्षेला भरायची. तोपर्यंत हिला हात लावायचा नाही.”

म्हणजे बघा, घराला आग लागलेली दिसावी आणि बंब चालवणाऱ्याने म्हणावे, राहू द्या, माझी परीक्षा पुढे आहे, तेव्हाच विझवीन! मावशीला ते कळले नाही असे नाही. चांगले कळले. पण खरे तेच सांगायला हवे. गिऱ्हाइकांना ‘आमचा मुलगा पहिला’ असे सांगताना तिच्या आवाजात जो ठसका येई, तो तिला फार प्रिय होता. ज्या क्रमांकांची ती दिवसभर टिंगल करी, त्यातला एक मात्र तिने पदराखाली जपून ठेवला होता. म्हणून ती हो म्हणाली.

दाढेची वार्ता कॉलेजात पोचायला वेळ लागला नाही. अव्वलरावाच्या वर्गात कायम दुसरी येणारी एक मुलगी होती. तिला सगळे ‘दुसरी’च म्हणत. ती बाही आखूड करायच्या निमित्ताने आली आणि मावशीच्या पायाशी चक्क जमिनीवर बसली.

“मावशी, तुम्ही किती राबता हो.”

“मुद्द्याचं बोल. बाही पुरेशी आखूड आहे.”

“एकदाच आ कराल? नुसती बघते.”

मावशीने आ केला. दुसरीच्या डोळ्यांत पाणी आले. “मावशी, माझ्याकडे बसा ना. त्याला काय, तो कोणत्याही दाढेवर पहिला येईल. मला ही मिळाली तर...”

“अगं, नवरी बघायला आलीस का दाढ?” मावशी कडाडली. “ऊठ. तुम्हा सगळ्यांची डोकी एका ताटात ठेवली तरी माणसाचं एक मन भरायचं नाही त्यातून. ऊठ म्हणते ना.”

दुसरी उठली. पण दारातून वळून म्हणाली, “मी असते तर आजच भरली असती, असं म्हणणार होते. पण नसती भरली. मीपण थांबवलीच असती.”

मावशीने मान वर करून तिच्याकडे पाहिले. त्या अख्ख्या कळपात खरे बोलणारे पहिले तोंड तिला दिसले. पण ते तिने बोलून दाखवले नाही. बाही मात्र नीट शिवून दिली.

बाहेरगावहून येणाऱ्या परीक्षकांना सवड होईना. परीक्षा पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. कीड मात्र कोणाच्या सवडीची वाट पाहत नाही. आधी गार पाणी लागले की कळ येई. मग गरम चहानेही येऊ लागली. मावशी घास एका बाजूने चावू लागली. अव्वलराव रोज सकाळी टॉर्च घेऊन पाही, जसा कोणी हौशी माणूस झाडावरचे फळ रोज पाहतो, आणि म्हणे, “अजून नसेला लागलेली नाही. माझा हिशोब आहे.” त्याचा हिशोब कागदावर कधी चुकला नव्हता. दाढ कागदाची नव्हती, एवढाच काय तो घोटाळा.

“अरे, दुखतंय,” मावशी गाल धरून म्हणाली.

“दुखत नाही, मावशी. ती संवेदना आहे. दुखणं वेगळं, संवेदना वेगळी.”

“मग मला काय होतंय?”

“तुला संवेदना होतेय.”

पडद्यामागून काका म्हणाले, “आणि मला जे विव्हळणं ऐकू येतं, ती तुझ्या मावशीची गाणं म्हणण्याची संवेदना असेल.”

अव्वलराव हसला नाही. त्याला शिकवणी घ्यायची होती. “मावशी, परीक्षक विचारतील, दुखतं का. काय सांगशील?”

“दुखतं.”

“मावशी!”

“मग विचारतात कशाला?”

“‘नाही’ म्हणायचं. एवढा एक शब्द. माझं सगळं वर्ष त्या एका शब्दावर आहे.”

तो गेल्यावर काका बाहेर आले, मशीनचे चाक उगीच फिरवीत उभे राहिले. “ती दाढ तुझी आहे की कॉलेजची?”

मावशीने लवंग दाढेखाली दाबली आणि म्हणाली, “परीक्षा होईपर्यंत कॉलेजची. मग माझी.”

अखेर परीक्षा आली. लांब दालन, खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीवर दिवा, प्रत्येक दिव्याखाली एक उघडे तोंड. बाजूला ताठ उभे असलेले पांढरे कोट, आणि ते सगळे मावशीनेच शिवलेले. ती आडवी पडल्या पडल्या शिवण तपासत होती. बाहेरून आलेले परीक्षक एकेका खुर्चीशी थांबत. तेही आपल्या काळचे अव्वलच, चालण्यावरूनच कळत होते. त्यांनी दाढेचे क्ष-किरण चित्र पाहिले, आत पाहिले आणि आरशाच्या दांडीने दाढेवर टकटक केले.

मावशीच्या मस्तकात वीज गेली. खुर्चीच्या हातांवर तिची बोटे आवळली. डोळ्यांतून निघालेले पाणी कानाकडे वाहत गेले.

“दुखतं का?”

“नाही,” मावशी म्हणाली.

परीक्षकांनी त्या ओघळाकडे पाहिले. मग अव्वलरावाकडे वळले. “काय डॉक्टर, तुमच्या पेशंटला दुखतंय?”

आता सगळा डाव त्याच्या हातात आला होता. त्यानेही तो ओघळ पाहिला होता. मावशीचा चेहरा त्याने लहानपणापासून तापात, भांडणात, हसण्यात पाहिला होता. जगातल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा तो त्याला अधिक पाठ होता. त्याची नजर मावशीच्या डोळ्यांवर आली, आणि त्या क्षणात मावशीला आशा वाटली. वेडी बाई! तिला वाटले, हा आता ‘हो’ म्हणेल, वर्ष बुडेल, आणि आपण त्याला घरी नेऊन झोडपून काढू आणि रात्रंदिवस त्याचा अभिमान बाळगू.

“नाही, सर,” अव्वलराव स्वच्छ आवाजात म्हणाला. “पेशंट वेदना नसल्याचं सांगतात.”

“दिव्याचा प्रकाश डोळ्यांवर येत असेल,” परीक्षक म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे सरकले. धन्य ते गुरू आणि धन्य ते शिष्य! एकाने दिव्यावर ढकलले, दुसऱ्याने पेशंटवर. वाक्यात चूक नव्हती. आयुष्यभर बिनचूक वाक्ये बोलूनच तो इथवर आला होता.

पण हातात कसब होते, ते नाकारून चालणार नाही. देवाने देताना कंजुषी केली नव्हती. सुईने जबडा बधिर झाला आणि कित्येक आठवड्यांनी मावशीला जरा स्वस्थ वाटले. तिने वर पाहिले. मुखपट्टीच्या वर दिसणारे त्याचे डोळे प्रेमाने ओथंबले होते. “ये, ये, अशी ये,” तो पुटपुटत होता. मावशीला वाटले आपल्यालाच. मग कळले, दाढेला.

काम संपले तेव्हा दाढेत चांदीचा एक इवलासा डोंगर उभा होता. त्याला बारीक उतार, नाजूक दऱ्या, शेजारच्या दाढेला जेमतेम टेकणारी कड. सगळे दालन बघायला लोटले. मावशी जत्रेतल्या गुहेसारखे तोंड उघडून पडली होती आणि एकेक मान आत वाकून ‘वा’ म्हणून निघून जात होती. जबडा ताटकळला. शेवटी दुसरी जवळ आली, आत न बघताच म्हणाली, “मावशी, मिटा आता तोंड.” त्या सबंध कॉलेजात मावशीला मिळालेला उपचार तेवढाच.

अव्वलराव अर्थातच पहिला आला. नव्या प्रशस्तिपत्रासाठी काकांच्या टोपीची खुंटी काढावी लागली.

इकडे चांदीखाली कोंडलेली दाढ पेटली. आधी कळ येऊन जाई, आता ती मुक्कामालाच आली. मावशी म्हणाली, “परीक्षा झाली. दाढ आता माझी. उघड ती.”

“भरल्यावर थोडं होतंच. पुस्तकात आहे.”

“पुस्तकाला दाढ असती तर पुस्तकाने असं लिहिलं नसतं.”

तो गोळ्या देई. मग एक दिवस खरे बाहेर पडले. कॉलेजात नव्या मुलांसाठी प्रदर्शन होते, आणि विभागप्रमुखांनी सांगितले होते की तुझी ती मावशी आण, काम कसे असते ते मुलांना प्रत्यक्ष दाखवू. “तोवर कळ काढ ना. आणि मावशी, तोडायची म्हणजे... अशी कड पुन्हा नाही जमायची गं.”

मावशी त्याच्याकडे पाहतच राहिली. सरड्याकडे, झुरळाकडे, उंदराकडे माणूस असा पाहत नाही. तिथे निदान भीती असते. इथे भीतीही नव्हती. असल्या रिकाम्या भांड्याला आपण इतकी वर्षे घासून पुसून झळकवत आलो, एवढेच त्या नजरेत होते. आणि ते घासणारा हात आपला, हेही तिने त्याच नजरेने स्वतःला सांगितले.

तरीही कदाचित ती थांबली असती. पण दुसऱ्या दिवशी एक गोष्ट घडली. ठणक्यात तिने एका कोटाचा काज उलट्या बाजूला घातला. डावीकडचा उजवीकडे. टाके सुरेख, एकसारखे, दृष्ट लागावी असे. फक्त जागा चुकलेली. आजवर असे कधी झाले नव्हते. तिने तो काज हातात धरला, सुई उचलली आणि भराभरा उसवून टाकला. कोणाला दाखवला नाही, त्याच्या देखणेपणाला भुलली नाही. चुकला, उसवला, संपले. मग तिने मशीनवर कापड टाकले आणि पदर खोचून सरळ रस्ता ओलांडला.

कॉलेजच्या बाह्यरुग्ण विभागात ती इतरांसारखी रांगेत उभी राहिली. निकाल लागल्यावर पहिल्या-दुसऱ्यांना तिथेच कामाला लावले होते. अव्वलराव मान खाली घालून पुकारत होता, “पुढचे या.” पुढे मावशी.

“तू? घरी सांगायचं ना!”

“घरी तू भाचा असतोस. इथे तरी डॉक्टर असतोस का, ते बघायला आले.”

रांगेत कोणीतरी खुदकले. अव्वलराव ओशाळून, सवयीने विचारून गेला, “कुठे दुखतंय?”

“जिथे तू पहिला आलास तिथे.”

रांग मोकळेपणाने हसली. शेजारच्या खुर्चीवरून दुसरी म्हणाली, “माझ्याकडे या, मावशी. मी उघडते.”

“नको बाळ. ज्याने बसवलं त्यानेच काढायचं.” आणि ती त्याच्या खुर्चीत बसली, मान मागे टाकली, आ केला.

त्याने सुई भरली, जबडा बधिर केला. हत्यार घेतले. मग ते खाली ठेवले आणि अगदी हळू आवाजात विचारले, “मावशी, आधी एक फोटो काढू?”

देवा रे देवा! माणूस किती सुधारणार यालाही तू काही मर्यादा घालून ठेवली आहेस, तीही तुझी लीलाच. मावशीने डोळे मिटून ‘काढ’ अशी खूण केली. दुसरीने कपाळावर हात मारून घेतला.

फोटो निघाला. मग दाढ कोरायचे चक्र फिरू लागले. चांदीचे तुकडे उडाले, दऱ्या गेल्या, उतार गेले, ती जगावेगळी कड गेली. चांदीखालची सडलेली नस उघडी पडली तेव्हा अव्वलरावाच्या हातातले चक्र थांबले. कोंडलेला दाह मोकळा झाला आणि मावशीच्या सबंध देहाने एक सुस्कारा टाकला.

“मावशी,” त्याचा आवाज वेगळाच आला. “हे कधीपासून...?”

मावशीच्या तोंडात कापूस होता. बरे झाले. तिने जे उत्तर दिले असते ते देवाचे नाव घेऊन सुरू केलेल्या गोष्टीत लिहिता आले नसते.

त्याने आतले सगळे धुऊन काढले, औषध ठेवले, वरून तात्पुरते बंद केले. त्यात देखणे काही नव्हते. पांढरट लिंपण, झोपडीच्या भिंतीसारखे. आणि तो हात बाजूला करतो तोच मावशीला झोप लागली. किती तरी दिवसांची साचलेली झोप. दिवा डोळ्यांवर होता, बाहेर रांग गलका करीत होती, आणि ती बाई घोरत होती.

खुर्च्यांवर देखरेख करणाऱ्या बाई आल्या. “खुर्ची रिकामी करा. बाहेर माणसं ताटकळलीत.”

अव्वलरावाने दिवा वळवला. “त्यांना झोपू द्या. बाहेरच्यांना मी बाकावरच तपासतो.”

आणि तो खरेच बाहेर गेला. बाकावर बसलेल्यांसमोर गुडघ्यावर टेकून, टॉर्च दातांत धरून, एकेकाला तपासू लागला. तिथे कोणी परीक्षक नव्हते. टॉर्च तोंडातून काढून एका म्हाताऱ्याला त्याने विचारले, “दुखतं?” आणि म्हातारा “हो” म्हणाला, तर हा पुढे काही बोललाच नाही. नुसता थांबला. आरशासमोर शिकलेले थांबणे नव्हते ते. पुढचे वाक्य खरेच सुचत नव्हते.

मावशी जागी झाली तेव्हा तो जवळ उभा होता.

“किती वेळ लोळवलंस रे? माझे कोट कोण शिवणार, तुझे परीक्षक?”

“मावशी, अजून दुखतंय का?”

“आज विचारलंस होय!” अर्धा ओठ बधिर असूनही तिच्या शब्दांची धार कमी झाली नव्हती. “लवकर सुचलं हो. पहिला नंबर तुझा. उभा काय राहिलास, चूळ भरायला पाणी दे.”

त्याने पेला तिच्या ओठांना लावला. बधिर ओठातून निम्मे पाणी त्याच्या कोटावर सांडले. त्याने पेला हलवला नाही.

एवढ्यावरून पोरगे सुधारले असे कोणी समजू नये. मावशीही समजली नाही. संध्याकाळी त्याने तो फोटो चौकट करून आणला; मावशीने भिंत दिली नाही, बघितलाही नाही. “एकदा झोपू दिलंस म्हणजे डॉक्टर झालास असं नाही,” ती म्हणाली. “रोज रोज झोपू द्यावं लागतं. ते जमतंय का बघ.” मग तिने सुईत दोरा ओवला आणि थोडे थांबून, तोंड वाकडे करत, “जेवायला बस,” असे म्हणाली.

हे दयाघना, या बाईच्या सुईला कधी गंज चढू देऊ नकोस, आणि तिच्या जिभेची धारही तशीच राहू दे, कारण तुझ्या पुष्कळ अव्वल लेकरांना तिची गरज आहे. तिच्या यजमानांना टोपी टांगायला जागा मिळो. आणि त्या पोराला तू यश तर देशीलच, त्याच्या हातात तू आधीच ते घालून ठेवले आहेस. एवढेच कर, त्याच्या खुर्चीत जो जो बसेल त्याचा ‘नाही’ या पोराला ऐकू येण्याआधी त्याच्या डोळ्यांतले पाणी दिसो. त्या घरात सगळ्यांची झोप पुरी होवो, आणि प्रत्येकाला सुखाचा घास दोन्ही बाजूंनी चावता येवो.